प्राणी सांभाळणाऱ्या माणसाच्या मोठ्या आजारपणाचा खर्च कसा उभा करावा

आमच्या उपनगरात वीसेक वर्षे भटक्या कुत्र्यामांजरांचे करणाऱ्या एका मावशींना स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले आणि शस्त्रक्रियेची तारीख त्यांनी दोनदा पुढे ढकलली. पैशांची चणचण होतीच, परंतु तारीख पैशांपायी ढकलली गेली नव्हती. पहिल्या वेळी एका कुत्रीच्या पाठीवरच्या जखमेत किडे पडले होते आणि ती जखम रोज धुऊन औषध भरावे लागत होते. दुसऱ्या वेळी पार्व्हो या विषाणूच्या आजारातून कसेबसे वाचलेले एक पिल्लू दर चार तासांनी सिरिंजने भरवावे लागत होते. "मी तिकडे आठ दिवस पडले तर ह्यांचं कोण बघणार?" एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि आमच्यापैकी कोणाजवळही त्याचे उत्तर नव्हते, कारण आम्ही सगळे पैसे गोळा करण्याच्या गडबडीत होतो.

अशा माणसाच्या मदतीला धावून जाणाऱ्यांनी कामाचा क्रम ठरवून घ्यावा, यासाठी हा लेख आहे. आधी प्राण्यांची सोय, मग कागदपत्रे, मग सरकारी आणि धर्मादाय योजना, आणि लोकांकडे मागणे सर्वांत शेवटी. आम्ही हे सगळे नेमके उलटे केले होते.

आधी प्राण्यांची वही

पहिल्याच दिवशी एक दोनशे पानी वही घेऊन रुग्णाशेजारी बसावे आणि प्रत्येक प्राण्याचे एक पान करावे. नाव, राहण्याची जागा, अंदाजे वय, नसबंदी झाली आहे की नाही, रेबीजची लस शेवटची कधी टोचली, कोणते औषध चालू आहे, काय खातो आणि कोणाला हात लावू देतो, एवढे त्यात यायलाच हवे. ही माहिती वर्षानुवर्षे एकाच डोक्यात साठलेली असते, आणि भूल देण्याच्या आदल्या दिवशी ती विचारत बसणे कोणालाच शोभत नाही. मावशींच्या वहीतले एक पान असे आहे: "काळी. रेशन दुकानाच्या पायरीवर. डावा कान कापलेला, म्हणजे ऑपरेशन झालंय. पाव दिला तर हुंगून सोडते. हेल्मेट घातलेल्या माणसावर जाते, तेव्हा गाडीवरून उतरून हेल्मेट काढून मगच भांडं ठेवायचं." हेल्मेटची ही गोष्ट कळली नसती, तर आमचा पहिलाच स्वयंसेवक रेबीजच्या इंजेक्शनांसाठी रांगेत उभा राहिला असता.

वहीच्या शेवटच्या पानांवर स्वयंपाकाचे माप लिहून घ्यावे. मावशींकडे रोज चार किलो तांदळाची कणी आणि तीन किलो कोंबडीचे मुंडी-पाय शिजत असत, त्यात चिमूटभर हळद आणि मीठ अजिबात नाही. हे माप महिन्याने गुणले की प्राण्यांचा खरा मासिक खर्च कळतो. त्यात लसी, जंतांची औषधे, गोचिडांची औषधे आणि अचानक येणारा पशुवैद्याचा खर्च धरून एक आकडा काढावा. तो आकडा रुग्णाच्या उपचारखर्चात कधीही मिसळू नये. वही, पिशवी आणि पुढे बँकेतले खाते, सगळेच पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावे.

याच बैठकीत उधारीचा विषय काढावा लागतो, आणि तो नाजूक आहे. बहुतेक प्राणिमित्रांची चिकनवाल्याकडे, मेडिकलमध्ये आणि पशुवैद्याकडे उधारी असते, आणि ती त्यांनी घरच्यांपासूनही लपवलेली असते. थेट विचारल्यास "काही नाही हो, थोडंफार" असे उत्तर मिळते. त्याऐवजी त्या दुकानांत स्वतः जाऊन वही पाहावी. पशुवैद्य बहुधा थांबायला तयार असतात, चिकनवाल्याला थांबणे परवडत नाही, म्हणून त्याचे आधी द्यावेत. ही उधारी फिटली नाही, तर उपचारासाठी हातात आलेले पहिले दहा हजार रुपये गुपचूप तिकडे जातात. आमच्याकडे तसेच झाले, आणि मावशींना दोष देण्याचा अधिकार मला नाही.

नवे प्राणी येणे मात्र बंद व्हायला हवे. अशा माणसाचा फोन नंबर साऱ्या भागात फिरलेला असतो. रात्री अकराला फोन येतात आणि सकाळी दाराशी खोक्यात पिल्ले सापडतात. फोन काही महिने दुसऱ्या कोणीतरी सांभाळावा आणि दारावर एक साधी पाटी लावावी की येथे सध्या आजारपण आहे, नवा प्राणी घेता येणार नाही. पाटीवर जवळच्या प्राणिसंस्थेचा नंबर आणि वन्यजीवांसाठी वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लिहावा. घरात जखमी घार, घुबड किंवा पिंजऱ्यातला साधा हिरवा पोपट असेल, तर तो याच वेळी वनविभागाच्या स्वाधीन करावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार हे पक्षी घरी ठेवता येत नाहीत, आणि आजारपणात आणखी एक कटकट मागे लावून घेण्यात अर्थ नाही.

उत्साही माणसे या टप्प्यावर "सगळ्यांना कुठल्या तरी शेल्टरला पाठवून टाकू" असे सुचवतात. ते ऐकू नये. गल्लीतली कुत्री गल्लीतच राहू द्यावीत, कारण अनोळखी हद्दीत सोडलेले कुत्रे तिथल्या टोळीकडून फाडले जाते किंवा परत येण्याच्या नादात गाडीखाली जाते. त्यांना फक्त वेळेवर भांडे हवे असते. घरातल्या मांजरी दोन-दोन, तीन-तीन अशा ओळखीच्या घरी तात्पुरत्या ठेवाव्यात, आणि कायमचे घर फक्त पिल्लांना शोधावे. म्हातारे, आंधळे किंवा तीन पायांचे कुत्रे मावशींच्याच घरी राहिले; घरी परतल्यावर मावशी पायऱ्या चढल्या त्या तीन पायांच्या कुत्र्याकडे बघत.

प्राण्यांजवळ जाण्याविषयी डॉक्टरांशी एकदा स्पष्ट बोलून घ्यावे. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा मांजराच्या मातीचा डबा साफ करणे, जखमा धुणे, ओरखडा किंवा चावा लागेल असे काही करणे रुग्णाने टाळायचे असते. रुग्णाला पूर्वी रेबीजच्या लसी टोचलेल्या असल्या, तरी प्रतिकारशक्ती कमी असताना चावा लागला तर उपचार वेगळे ठरतात, हेही डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवावे. अनेक रुग्ण "डॉक्टर कुत्री सोडायला सांगतील" या भीतीने घरात प्राणी असल्याचेच सांगत नाहीत. प्रत्यक्षात बहुतेक डॉक्टर हातमोजे, हात धुणे आणि काही आठवड्यांचे अंतर एवढ्यावर समाधान मानतात.

कागद, आणि तेही दाखल होण्यापूर्वी

एकट्या राहणाऱ्या प्राणिमित्राच्या कागदपत्रांची अवस्था त्याच्या स्वयंपाकघरापेक्षा वाईट असते. मावशींचे नाव भावाच्या शिधापत्रिकेवर होते आणि भाऊ साताऱ्याला; आधारवर जुना पत्ता; उत्पन्नाचा दाखला आयुष्यात कधी काढलेला नाही. शिधापत्रिकेत नाव वेगळे करणे, तिचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक मिळवणे, आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडणे आणि तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला काढणे ही चार कामे निदान झाल्याच्या दिवशीच सुरू करावीत. दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो आणि आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज करता येतो. दोन आठवडे हाताशी धरून चालावे. रुग्णाला स्वतः फिरवू नये, पण सहीसाठी एकदा तरी त्याची गरज पडते, म्हणून केमोच्या तारखा पाहून दिवस ठरवावा.

त्यासोबत बायोप्सीचा अहवाल, स्कॅनचे अहवाल, डॉक्टरांची चिठ्ठी आणि रुग्णालयाच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह खर्चाचे अंदाजपत्रक, असा संच तयार ठेवावा. अंदाजपत्रक मागताना एकच गोष्ट आग्रहाने सांगावी: शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन आणि औषधे यांचे आकडे वेगवेगळे लिहून द्या. "उपचारखर्च अंदाजे अमुक लाख" अशी एका ओळीची चिठ्ठी कुठल्याच कचेरीत चालत नाही. या सगळ्याच्या पाच-सहा झेरॉक्स प्रती काढाव्यात, आणि मूळ कागद एकाच माणसाकडे राहावेत.

योजना: कोणते दार आधी ठोठावावे

महाराष्ट्रात राहणाऱ्यासाठी पहिले दार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली ही योजना आता केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली आहे, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार तिच्यात बसतात. पिवळी, केशरी आणि पांढरी अशा तिन्ही शिधापत्रिकाधारकांना ती खुली आहे. पांढरी शिधापत्रिका आहे म्हणजे आपल्याला काही मिळणार नाही, हा जुना समज मनातून काढून टाकावा. तो आमच्या मनातही होता. रुग्ण सत्तर वर्षे पूर्ण केलेला असेल, तर उत्पन्न न पाहता आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते.

या योजनेची गंमत वेळेत आहे. ती फक्त योजनेतल्या रुग्णालयांत चालते, पूर्वमंजुरीनंतर चालते, आणि आधी रोख भरलेले बिल नंतर तिच्यातून परत मिळत नाही. म्हणून रुग्णालय निवडण्याआधीच १५५३८८ या क्रमांकावर फोन करून आपला आजार आणि आपल्याला हवा असलेला उपचार तिथे योजनेत होतो का, हे विचारावे. रुग्णालयात पोहोचल्यावर सर्वप्रथम आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचे, टेबल गाठावे. ते बहुधा बाह्यरुग्ण विभागाच्या कोपऱ्यात असते आणि दुपारी जेवणाच्या वेळेत रिकामे असते. रुग्ण "योजनेतून" आहे ही नोंद दाखल होतानाच झाली पाहिजे. सरसकट सगळी महागडी नवी औषधे योजनेच्या पॅकेजमध्ये बसतील असे मात्र नाही. डॉक्टरांनी अशी औषधे लिहिली असतील तर पुढच्या दारांकडे वळावे लागते.

दुसरे दार धर्मादाय रुग्णालयांचे, आणि यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण हे दार आपोआप उघडत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २००६ रोजी मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, आणि दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत बाजूला काढायची असते, आणि या रुग्णांवरचा खर्च त्यातून होतो. तातडीच्या वेळी निर्धन रुग्णाकडून अनामत न मागता त्याला दाखल करून घेणे बंधनकारक आहे.

आता प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. आम्ही गेलो ते रुग्णालय धर्मादाय होते, आणि बिलिंगच्या खिडकीवरच्या मुलाने मान वर न करता पन्नास हजारांची अनामत सांगितली. आम्ही तिथेच वाद घालत अर्धा तास घालवला. वास्तविक त्या खिडकीवर जायचेच नसते. वैद्यकीय समाजसेवकाचा कक्ष विचारावा, अर्ज तिथे द्यावा, अर्जाच्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घ्यावा आणि खाट उपलब्ध नाही असे उत्तर मिळाल्यास तेवढेच लेखी मागावे. लेखी म्हटल्यावर पुष्कळदा खाट सापडते. न सापडल्यास धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातील कार्यालयात ती शिक्क्याची प्रत घेऊन जाता येते. आवाज चढवण्याने काही साधत नाही. आमच्या मंडळींत भांडणात तरबेज असे दोघे होते, त्यांना आम्ही पुढे मुद्दाम प्राण्यांच्या जेवणाच्या फेरीवर ठेवले.

तिसरे दार मुख्यमंत्री सहायता निधीचे. वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला, अंदाजपत्रक, अहवाल, आधार आणि शिधापत्रिका जोडून अर्ज करावा लागतो. आता जिल्हाधिकारी कार्यालयातही या निधीचे कक्ष आहेत. मंजूर रक्कम रुग्णाच्या हाती येत नाही, ती निधीकडे नोंदलेल्या रुग्णालयाच्या खात्यात जाते, आणि झालेल्या खर्चाची भरपाई मागता येत नाही. म्हणून उपचार चालू असतानाच अर्ज पोहोचायला हवा. प्रधानमंत्री राष्ट्रीय सहायता निधीतूनही अंशतः मदत मिळते. प्रभादेवीचे श्री सिद्धिविनायक मंदिर न्यास आणि टाटा ट्रस्ट्स यांच्याकडेही वैयक्तिक वैद्यकीय मदतीचे अर्ज घेतले जातात. या साऱ्या ठिकाणी एकाच वेळी अर्ज करण्यास हरकत नाही, मात्र प्रत्येक अर्जात इतर ठिकाणी काय मागितले आणि काय मिळाले हे खरे लिहावे.

उपचार मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये होणार असतील, तर तिथल्या वैद्यकीय समाजकार्य विभागात पहिल्याच भेटीत नोंद करावी. राहण्यासाठी परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा ही नावे प्रत्येक कर्करुग्णाच्या नातेवाइकाला ठाऊक असतात. खोली लगेच मिळेल असे गृहीत धरू नये. रेल्वेत कर्करुग्णाला उपचारासाठीच्या प्रवासात शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गाचे भाडे पूर्ण माफ असते आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठीचा फॉर्म रुग्णालयातून सही करून घ्यावा. योगायोग असा की याच परळमध्ये बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालयही आहे. मावशी पूर्वी तिथे एका कुत्र्याचा पाय दाखवायला आल्या होत्या, आणि टाटाला दुसऱ्या मतासाठी नेले तेव्हा टॅक्सीवाल्याला रस्ता त्यांनीच सांगितला.

औषधांचे दुकानही दार समजावे. डॉक्टरांना "हेच औषध जेनेरिकमध्ये चालेल का" असे विचारून जनऔषधी केंद्रात आणि कर्करोग-हृदयरोगाच्या औषधांसाठी अमृत या सवलतीच्या सरकारी दुकानांत चौकशी करावी. मळमळ आणि आम्लपित्ताच्या साध्या गोळ्यांतही महिन्याकाठी चांगली बचत होते.

रुग्णाची आरोग्य विमा पॉलिसी असेल तर अर्थात तीच सर्वांआधी वापरावी. आजार कळल्यावर नवी पॉलिसी काढून या आजाराचा खर्च भागवता येत नाही; तशी पॉलिसी काढायला सांगणाऱ्या एजंटाला चहा पाजून निरोप द्यावा.

आता लोकांकडे

वरील सगळे करून जी तूट उरते तेवढ्याचेच आवाहन करावे. आमची मोठी चूक येथे झाली. निदानाच्या तिसऱ्या दिवशीच आम्ही मावशींच्या भाचीच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड सगळीकडे पाठवला, आणि आठवड्यात लाखाच्या वर रक्कम जमली. मग कोणी विचारले की हे पैसे कुत्र्यांसाठी की मावशींसाठी, कोणी भाचीच्या नव्या मोबाइलकडे बोट दाखवले, आणि दोन जुन्या मैत्रिणींचे बोलणे बंद झाले. भाचीने एक रुपयाही घेतलेला नव्हता. मोबाइल हप्त्यांवर होता.

म्हणून उपचाराचे पैसे शक्यतो थेट रुग्णालयात भरले जावेत. मोठ्या रुग्णालयांत रुग्णाच्या नोंदणी क्रमांकावर आगाऊ रक्कम जमा करता येते आणि पावती रुग्णाच्या नावाची मिळते. रुग्णालयांना यूपीआयने पैसे देण्याची मर्यादाही एका वेळी ५ लाखांपर्यंत आहे. यात आणखी एक फायदा आहे. आयकर कायद्यानुसार नातेवाईक नसलेल्या माणसांकडून वर्षभरात ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम खात्यात आली, तर वरचीच नव्हे, सगळीच रक्कम त्या खातेदाराचे उत्पन्न धरली जाऊ शकते. दुसऱ्याच्या आजारपणाचे पैसे स्वतःच्या खात्यात घेणाऱ्या शेजाऱ्याला हे सहसा माहीत नसते. रक्कम मोठी होणार असेल तर सुरुवातीलाच एखाद्या चार्टर्ड अकाउंटंटशी बोलावे. प्राण्यांवर माया असलेला एक तरी सीए प्रत्येक गावात निघतो.

प्राणिमित्राची स्वतःची नोंदणीकृत संस्था असेल तर मोह आवरावा लागतो. संस्थेच्या खात्यात प्राण्यांसाठी आलेले पैसे विश्वस्ताच्या उपचाराला वापरता येत नाहीत, मग तो विश्वस्त कितीही पुण्यवान असो. त्या खात्यात फक्त प्राण्यांचा खर्च मागावा, त्याची करसवलतीची, म्हणजे ८०जीची, पावती द्यावी, आणि रुग्णासाठी देणाऱ्यांना स्पष्ट सांगावे की व्यक्तीला दिलेल्या मदतीवर करसवलत मिळत नाही. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेली मंडळीही पैसे पाठवू इच्छितात. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची रक्कम, त्याच्याकडे ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचे) कार्ड असले तरी, परदेशी देणगीच ठरते, आणि परकीय योगदान कायद्याखालची नोंदणी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही.

केट्टो, मिलाप, इम्पॅक्टगुरू यांसारख्या संकेतस्थळांवरून आवाहन केल्यास अनोळखी लोकांपर्यंत पोहोचता येते आणि रक्कम बहुधा थेट रुग्णालयाला देता येते. शुल्क, पेमेंटचा आकार आणि जाहिरातीसाठी वेगळी मागितली जाणारी टक्केवारी हे तिन्ही आकडे मात्र आधी लेखी विचारावेत.

आवाहनाचा मजकूर लहान असावा आणि त्यात रडारड नसावी. आमचा दुसऱ्या वेळचा मजकूर साधारण असा होता:

"आपल्या भागातील कुत्र्यामांजरांची वीस वर्षे काळजी घेणाऱ्या मावशींवर स्तनाच्या कर्करोगाचे उपचार सुरू आहेत. शस्त्रक्रिया आणि केमोचा बराचसा खर्च सरकारी योजनेतून होत आहे. योजनेत न बसणारी औषधे, तपासण्या आणि सहा महिन्यांचा घरखर्च यांसाठी रक्कम कमी पडते आहे. तिचा तपशील सोबत जोडला आहे. उपचाराची मदत थेट रुग्णालयात, खालील नोंदणी क्रमांकावर भरावी. प्राण्यांच्या जेवणासाठी पैसे नकोत, कणी, कोंबडी किंवा आठवड्यातील एक संध्याकाळ द्यावी. हिशेब दर रविवारी कळवू. तूट भरून निघताच आवाहन बंद केल्याचे कळवू."

या मजकुराने पहिल्यापेक्षा कमी पैसे आणि पुष्कळ जास्त माणसे मिळाली. एका रिक्षावाल्याने बुधवारची फेरी घेतली आणि केमोच्या दिवशी ने-आण केली. त्याची किंमत आमच्या हिशेबात कुठे लिहायची हे शेवटपर्यंत ठरले नाही.

फोटो देण्यापूर्वी रुग्णाची संमती घ्यावी. केस गेलेल्या अवस्थेतला फोटो जास्त पैसे आणतो, असे सांगणारे भेटतात. मावशींनी कुत्र्यांच्या घोळक्यातला जुना फोटो निवडला आणि आम्ही तोच वापरला. अहवाल जोडताना आधार क्रमांक, पत्ता आणि फोन झाकावेत. आवाहनातला क्यूआर कोड बदलून तेच आवाहन पुढे पाठवणारे भामटे असतात, त्यामुळे खात्याचे नाव मजकुरातच लिहावे आणि पैसे भरताना ते पडताळून पाहण्यास सांगावे.

"माणसं उपाशी मरतात आणि ही बाई कुत्र्यांना चिकन घालत होती, आता मागतेय" असे कोणीतरी म्हणतेच. त्याला उत्तर देऊ नये. ज्या सोसायटीच्या अध्यक्षांनी मावशींविरुद्ध दोनदा तक्रार केली होती, त्यांच्या पत्नीने एका संध्याकाळी पाकीट आणून दिले आणि नाव लिहू नका म्हणाल्या.

शस्त्रक्रियेनंतरचे महिने

मदतीचा पूर पहिल्या सहा आठवड्यांत येतो आणि खर्च वर्षभर चालतो. भाडे, वीजबिल, गॅस, दूध आणि तपासणीसाठीचे जाणे-येणे यांसाठी दरमहा ठरावीक रक्कम देणारी आठ-दहा माणसे मिळवावीत. पाचशे रुपयांची दहा माणसे एकदाच पाच हजार देणाऱ्या एकापेक्षा उपयोगी पडतात. ही रक्कम रोख हातात न देता भाडे घरमालकाला आणि बिल वीज कंपनीला परस्पर द्यावे. अविश्वास म्हणून हे करायचे नाही. हातात रोख असताना गल्लीत कुत्रे लंगडताना दिसले, तर ती रोख कुठे जाईल हे सगळ्यांना माहीत असते. मावशींनी ही अट स्वतःच हसत मान्य केली.

एक विषय काढणे कठीण असते, तरी उपचार सुरू असतानाच काढावा. आपल्या पश्चात कोणता प्राणी कोणाकडे जाईल, हे रुग्णाने त्या वहीतच प्रत्येक पानावर लिहून सही करावी आणि ज्याचे नाव लिहिले त्याला विचारून लिहावे. कुत्र्यामांजराच्या नावे मालमत्ता ठेवता येत नाही. त्यांच्यासाठी पैसे ठेवायचे असल्यास ते सांभाळणाऱ्या माणसाच्या किंवा संस्थेच्या नावे, मृत्युपत्रात स्पष्ट लिहून ठेवावे लागतात. आम्ही हा विषय काढायला दोन महिने घाबरलो. मावशींनी वही उघडून दाखवली, तेव्हा चौदापैकी अकरा पानांवर नावे आधीच होती, आणि एका पानावर माझे. तो तीन पायांचा होता.

उपचारासाठी आलेले पैसे उरले तर त्यांचे काय करायचे, हे आवाहन करतानाच लिहून ठेवावे. आम्ही ते लिहिले नव्हते, त्यामुळे उरलेल्या साडेनऊ हजारांसाठी तीन बैठका झाल्या. शेवटी ती रक्कम पुढच्या दोन वर्षांच्या तपासण्यांसाठी मुदत ठेवीत टाकली, आणि तपासण्या संपल्यावर उरेल ते भागातल्या कुत्र्यांच्या नसबंदीला, असे वहीच्या शेवटच्या पानावर पाच जणांच्या सह्यांनिशी लिहिले. सहावी सही मावशींची आहे, थोडी थरथरलेली, कारण त्या दिवशी हाताला सलाईनची सुई होती.